रुळांखालची गादी

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून संतसाहित्य आणि संगीत यांवर अधिकारी व्यक्ती बोलल्या, त्यावरून माझ्यासारख्याने छोट्या आगगाडीच्या रुळांखाली फोम कसा कापून बसवावा हे सांगावे, यात थोडा औचित्यभंग आहे. पण गेल्या गणेशोत्सवात जे घडले त्याचा दोष माझ्याकडे येत असल्याने हा विषय मीच मागून घेतला.

आपल्या मुलांनी बोरघाटाचा देखावा करायचे ठरवले होते. ही मुले इथेच जन्मली. घाट त्यांना ठाऊक आहे तो सुटीत आजोळी जाताना खिडकीतून दिसेल तेवढाच. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या मार्गावर सर्वांत कठीण चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची, आणि गाडीची दिशा उलटवणारे त्या काळचे स्टेशन १९२९ साली बंद झाले, हे सारे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले. रूळ मात्र थेट थर्माकोलवर चिकटवले, आणि तेही चपला जोडण्याच्या चिकटद्रव्याने! त्यातील द्रावकाने थर्माकोल रातोरात खाल्ला, रूळ जागोजागी खचले. आरतीनंतर गाडी सुरू केली ती पायथ्याशीच घसरली. मुले काही बोलली नाहीत. त्यांनी डबे उचलून खोक्यात ठेवले. ते न बोलणे मला फार लागले.

यंदा म्हणून आरंभ खालून केला. आपले मॉडेल ८७ पटींनी लहान आहे. सुमारे २५ किलोमीटरांचा सबंध घाट या मापाने केला तर जवळजवळ २९० मीटर लांबी आणि दुमजली घराएवढी उंची लागेल. आपल्यापाशी आहे आठ बाय चार फुटांचे एक प्लायवुड. तेव्हा चढ खरा ठेवायचा आणि लांबीशी तडजोड करायची, असे ठरले. (बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. आपल्या ब्रॉडगेजला या मापाने १९ हून थोडे अधिक हवेत. सभेतील रेल्वेच्या मंडळींनी क्षमा करावी.)

चढासाठी थर्माकोलच्या पाचरी केल्या. ३७ सेंटिमीटर लांब, एका टोकास शून्य, दुसऱ्या टोकास १ सेंटिमीटर. पुढची पाचर १ पासून २ पर्यंत. तापलेल्या निक्रोम तारेने कड सुरेख कापली जाते, मात्र धूर वाईट असतो. हे काम गच्चीवर आणि मोठ्या माणसानेच करावे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि ती योग्यच होती. म्हणून हा देखावा दरवर्षी मोडायचा नाही, कपाटात जपून ठेवायचा, या अटीवरच मी थर्माकोल घेतला.

पाचरींवर येते खरी गादी. चपलांच्या तळव्यांना वापरतात तसला ५ मिलिमीटर जाडीचा फोम. त्याची ४ सेंटिमीटर रुंद पट्टी वळणावर वाकवून पाहा: आतली कड सुरकुतते, बाहेरची ताणली जाते. पाव फेरीत दोन्ही कडांच्या लांबीत ६ सेंटिमीटरांहून अधिक फरक पडतो, तो बिचाऱ्या फोमने कुठे जिरवावा? म्हणून पट्टी मधोमध उभी चिरून दोन अर्ध्या पट्ट्या करायच्या. आधी रुळाची मध्यरेषा आखायची, तिला लावून एक अर्धी, मग तिच्या अंगाला दुसरी. आणि दोहोंचे सांधे समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत. बाहेरची कड ४५ अंशांत तिरकी कापली की खडीचा उतार आपोआप मिळतो. पाते नवे हवे. बोथट पाते फोम कापत नाही, ओरबाडते. पांढरा फेव्हिकॉल थर्माकोलला खात नाही, पण दोन्ही पृष्ठभाग पाणी शोषत नसल्याने तो सुकायला फार वेळ घेतो. थर पातळ द्यावा, टाचण्या लावाव्यात आणि दोन दिवस हात लावू नये. मुलांना सर्वांत अवघड गेले ते हेच.

गाडी पायथ्याशी घसरली, त्याचे दुसरे कारण तिथे सपाटी आणि चढ एकदम भेटत होते. इंजिनाची मधली चाके तिथे अधांतरी राहत. आता वर आणि खाली तीस-तीस सेंटिमीटरांत चढ हळूहळू बदलतो. लाकडी ठोकळ्याला काचपेपर गुंडाळून मुलींनी फोम तासला आणि पाणसळ ठेवून तपासला. अर्ध्या फेरीत उंची मिळते साडेसहा सेंटिमीटर, पण गाडी ती न थांबता चढते.

एक गोष्ट अजून जमायची आहे. फोममुळे प्लायवुड डग्ग्यासारखे घुमत नाही. परंतु खडी पसरून पातळ फेव्हिकॉल सोडला की तो कडेने खाली उतरून सुकतो, दगडासारखा कडक होतो आणि आवाज पुन्हा प्लायवुडपर्यंत पोचतो. दोन हात लांबीवर करून पाहिले, तसेच झाले. आता खडीचा पायथा प्लायवुडला टेकू न देता फोमच्याच रुंद पट्टीवर थांबवून पाहणार आहोत. चतुर्थीला अवकाश आहे. पाती तेवढी संपली आहेत; कुणी आणून दिली तर मुले आभारी होतील.