चिनी उपाहारगृहें : साखळीचीं आणि घरचीं



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. चिनी खाण्याविषयीं बोलण्यासारखें तें काय असणार? परंतु ज्या पदार्थाची गाडी संध्याकाळीं मुंबईच्या नाक्यानाक्यावर उभी असते, आणि ज्याची ‘चायनीज भेळ’ आमच्या नातवंडांस चुरमुऱ्यांच्या भेळेइतकीच आपली वाटते, तो पदार्थ आतां परका राहिलेला नाहीं. तेव्हां तो कोणाच्या हातचा खावा, अनेक शाखा असलेल्या कंपनीच्या कीं एकट्या मालकाच्या, हा प्रश्न गृहस्थाश्रमी माणसानें विचारण्यास हरकत नसावी.

प्रथम थोडा इतिहास. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्सच्या अमदानींत, टाँग अच्यू नांवाच्या चिनी गृहस्थास कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीकांठीं जमीन मिळाली व तेथें त्यानें साखरेचा कारखाना काढला. त्या गांवास आजहि अचीपूर म्हणतात. पुढें कँटनकडचे सुतार आले, हूपे प्रांतांतील दांतांचे वैद्य आले, आणि हाक्का लोकांनीं टांग्रा भागांत कातडीं कमावण्याचा धंदा थाटला. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारें ३,००० लोकांस राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांतील पुष्कळांचा जन्म याच देशांत झालेला होता. सुटल्यावर अनेकांनीं कॅनडासारखे देश गांठले. जे राहिले, त्यांपैकीं पुष्कळांस उपाहारगृहानें हात दिला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कातड्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा हुकूम दिला, आणि टांग्र्यांतील कित्येक कारखान्यांच्या जागीं टेबलें-खुर्च्या मांडल्या गेल्या. म्हणजे ज्याला आपण चैनीचें खाणें समजतों, तें कित्येक कुटुंबांचें पोट राखण्याचें साधन होतें.

आपल्या मुंबईचा संबंध याच कलकत्त्याशीं आहे. ‘चिकन मंचूरियन’चें जनकत्व ज्यांच्याकडे जातें ते नेल्सन वाँग मूळचे कलकत्त्याचे. १९७५ सालीं येथील क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्यें त्यांनीं आलें, लसूण आणि हिरवी मिरची हा आपल्या घरचा वाटा घेतला, गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस घातला, मक्याच्या पिठानें रस दाट केला, आणि एक नवाच पदार्थ जन्मास आला. मांचूरिया प्रांताशीं त्याचा नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं.

आतां साखळीकडे वळूं. १९९४ सालीं अंजन चॅटर्जी यांनीं मुंबईंत ‘मेनलँड चायना’ सुरू केलें, आणि पुढें त्याच्या शाखा देशांतील अनेक शहरांत निघाल्या. २०१२ सालीं त्या कंपनीचे भाग बाजारांत विक्रीस आले. २०१५ पासून ‘चायनीज वॉक’सारख्या स्वस्त व चटपटीत साखळ्याहि निघाल्या आहेत. अशा साखळीचें रहस्य स्वयंपाक्याच्या हातांत नसून मापांत असतें. बहुधा रस्से व चटण्या एका मध्यवर्ती स्वयंपाकघरांत तयार होतात आणि बंद पिशव्यांतून शाखांना पोंचतात. शाखेंतल्या मुलानें ठरलेलें माप कढईंत घालावयाचें, ठरलेला वेळ परतावयाचें, कीं पदार्थ तयार.

या पद्धतीची थट्टा करणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. ठाण्यांत खाल्लें तेंच पुण्यांत मिळेल ही खात्री प्रवासांतल्या कुटुंबास मोठी वाटते. दर ठरलेले असतात. एका शाखेंतील घाणीनें सगळ्या साखळीचें नांव जातें, म्हणून स्वच्छतेवर नजर ठेवणारा कोणी तरी असतो. आणि खेड्यांतून आलेला, हातीं कसब नसलेला मुलगा थोड्या दिवसांत कामास लागतो. उलट, एकट्या मालकाच्या दुकानांत सगळें मालकावर अवलंबून. तो दक्ष असला तर उत्तम; नसला तर तेल काळें पडेपर्यंत वापरलें जाईल आणि विचारणारा कोणी नसेल.

मी जन्मभर शाळेंत शिकविलें, म्हणून मला दोन शाळा आठवतात. एक सरकारी शाळा. तिचा अभ्यासक्रम सगळीकडे सारखा, आणि अगदीं वाईट मास्तरहि तिच्यांत फारसें बिघडवूं शकत नाहीं. दुसरी पंतोजींची; पंतोजी चांगला निघाला तर मुलगा घडतो, वाईट निघाला तर छडीच खातो. समाजाला सरकारी शाळा हवी, याविषयीं मला शंका नाहीं. पण नवी पद्धत काढणारा मास्तर बहुधा तपासनिसाच्या नजरेबाहेर असतो. मंचूरियनचेंहि तसेंच झालें. यादींत नसलेलें कांहीं करून पाहण्याची मोकळीक स्वयंपाक्यास होती, म्हणून तें झालें. साखळींतहि नवे पदार्थ निघतात. परंतु ते मुख्य कचेरींत ठरतात. ज्याच्या हातांत झारा आहे त्याला ती मोकळीक नसते.

चवीचेंहि एक उदाहरण देतों. ‘शेझवान’ म्हणून जें लालभडक खाणें मिळतें, त्यांत बहुधा मिरची आणि लसूण यांचाच जोर असतो. खऱ्या सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारें एक लहानसें फळ. तें आपल्या कोंकणांतल्या तिरफळाचें सख्खें भावंड आहे! बांगड्याच्या आमटींत तिरफळ घालणाऱ्या गृहिणीला सिचुआनची ओळख आधींच आहे. परंतु जें अनेकांस चटकन् आवडेल तेंच साखळीला ठेवावें लागतें. जिभेला मुंग्या आणणारी जिन्नस हजार लोकांपुढें ठेवण्याचें धाडस तिनें कां करावें? तें धाडस एखादा मालकच चार रसिकांच्या भरंवशावर करूं शकतो.

आणि शेवटची गोष्ट माणसांची. साखळीची एक शाखा बंद झाली तर तिची पाककृति कचेरींत शिल्लक राहते. परंतु तीन पिढ्यांचें घरचें उपाहारगृह बंद झालें, मुलें परदेशीं गेलीं, म्हणजे आजीच्या हातचें मापहि जातें; तें कोठेंच लिहिलेलें नसतें. कलकत्त्यांतील चिनी वस्ती आज फार थोडी उरली आहे. तिच्या कढया विझल्या तर त्या पुन्हां पेटविणें कोणत्याहि कंपनीला जमणार नाहीं.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. घाईच्या दिवशीं, प्रवासांत, लहान मुलें बरोबर असतां खुशाल साखळींत जा. परंतु महिन्यांतून एकदां तरी मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा ठिकाणीं जा. आधीं त्याच्या स्वयंपाकघराकडे एक नजर टाका. तें स्वच्छ दिसलें तर यादी बाजूस ठेवून ‘आज तुम्ही घरीं काय खाणार?’ असें त्याला विचारा. तो जें आणील तें खा, आणि आवडलें तर तसें सांगा. त्या एका शब्दावर अशीं दुकानें पुष्कळ दिवस चालतात.