स्मृतिभ्रंश : रुग्णाचा आजार, घराची कसोटी
(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून एका आजाराविषयी बोलावे, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. परंतु आजाराविषयीचे अज्ञान हेही अज्ञानच होय, आणि ते दूर करणे हे शिक्षणाचेच काम आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. या म्हणीने फार नुकसान केले. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. पहिले वयाचे लक्षण, दुसरे मेंदूच्या आजाराचे. जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या स्त्रीची हकीगत वैद्यकीय सभेपुढे मांडली, ती १९०१ मध्ये रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. आपल्या देशात साठीच्या पुढील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने पीडित असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिला आहे.

या आजारात जुने राहते आणि नवे पुसले जाते. दादीला लहानपणचे गाव आठवते, पण आताच जेवल्याचे आठवत नाही. अब्बांच्या नमाजच्या रकाती चुकतात, वजू केला की नाही याचा घोळ होतो. आपले काहीतरी हरवत चालले आहे, हे सुरुवातीला त्यांना स्वतःला कळत असते. त्या भीतीतूनच चिडचिड आणि संशय येतो. तो त्यांचा स्वभाव नव्हे, आजार आहे.

आता सांभाळणाऱ्याकडे पाहू. बहुधा ती घरातली सून किंवा मुलगी असते. अशा रुग्णांच्या सेवेतले सुमारे ७० टक्के तास जगभर स्त्रियाच देतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री सासूबाई उठून दार उघडू लागतात, म्हणून सुनेला झोप नाही. दिवसा तोच प्रश्न वीस वेळा ऐकायचा. एवढे करून सासूबाई पाहुण्यांना सांगतात, ‘‘ही मला उपाशी ठेवते, माझ्या बांगड्या हिनेच चोरल्या.’’ पाहुणे तासभर बसतात. त्या तासात म्हातारी नीट बोलते, आणि जाताना नातेवाईक सुनेकडेच वाकड्या नजरेने पाहतात. बंधूंनो, आजाराने ती जेवढी खचत नाही, तेवढी या नजरेने खचते.

म्हणून नातेवाईकांना आणि मित्रमंडळींना माझी विनंती आहे. रुग्णाचे बोलणे खोडू नका आणि ‘‘ओळखलंत का मला?’’ अशी परीक्षा घेऊ नका. आपले नाव आपणच सांगा. चोरीचा आरोप ऐकला तर वाद न घालता, ‘‘चला, मिळून शोधू’’ म्हणा. सुनेला सल्ला देण्याऐवजी आठवड्यातून एक दुपार द्या. तेवढ्या वेळात ती झोपेल, माहेरी जाईल किंवा नुसती स्वस्थ बसेल. भावांनी खर्च आणि पाळ्या आपसांत वाटून घ्याव्यात.

विसरभोळेपणा वाढताना दिसला, तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. पण लवकर कळले तर पुढची तयारी करता येते. १४४१६ या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेवर सांभाळणाऱ्यानेही आपले मन मोकळे करावे. त्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पाठांतर करता, स्मरणशक्तीवर बक्षिसे मिळवता. ज्यांची स्मरणशक्ती गेली, त्यांच्याजवळ रोज दहा मिनिटे बसा. तुमचे नाव त्यांना आठवणार नाही. पण तुमच्या हाताची ऊब त्यांना समजेल. आणि उठताना अम्मीला विचारा, ‘‘आज तू जेवलीस का?’’