उजेडाची फेरवाटणी
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणातून)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने छायाचित्रांवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु पत्रकासाठी आलेल्या एका छायाचित्राने मला हा विषय समजून घेण्यास भाग पाडले. उसाच्या फडात काम करणाऱ्या पाच स्त्रियांचे ते छायाचित्र होते. एका तरुण कार्यकर्त्याने ते पाठविताना मोबाइलवरील तयार ‘फिल्टर’ त्यावर चढविला होता. चेहरे गोरे झाले होते, कपाळावरच्या आठ्या पुसल्या गेल्या होत्या, आणि दुपारचे रखरखीत ऊनसुद्धा गुलाबी! “चांगले दिसावे म्हणून,” तो म्हणाला. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. शंका आहे ती ‘चांगले’ या शब्दाविषयी.

आधी यंत्राचे काम पाहू. नेहमीच्या संगणकीय छायाचित्रात प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाला ० ते २५५ असा अंक असतो. फोटोशॉपमध्ये (याची पहिली आवृत्ती १९९० सालची) ‘हिस्टोग्राम’ नावाचा आलेख दिसतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, आणि कोणत्या पातळीवर किती बिंदू आहेत याची उंची. म्हणजे आम्ही वर्गात शिकवीत होतो ते वारंवारता-वितरणच! ‘लेव्हल्स’ आणि ‘कर्व्हज’ ही साधने त्या उजेडाची फेरवाटणी करतात. फिल्टर म्हणजे अशा फेरफारांचा आधीच ठरवून ठेवलेला संच. तो कोणाच्या आवडीने ठरविला, हे बटणावर लिहिलेले नसते.

या फेरवाटणीलाही मर्यादा आहे. सावलीतील चेहऱ्याच्या अंकांत थोडाफार भेद शिल्लक असेल, तर तो उजळता येतो. जेथे सारेच बिंदू शून्यावर गेले, तेथे उजळूनही सपाट करडा डागच हाती येतो.

आता रंगछटेचा प्रश्न. १९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेले त्याचे एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापले. ‘न्यूजवीक’ने ते होते तसे दिले, ‘टाइम’ने चेहरा बराच काळवंडून टाकला. खटला उभा राहण्यापूर्वीच एका मुखपृष्ठावर माणूस अधिक भयंकर दिसू लागला. गहजब उडाला, आणि वांशिक हेतू नव्हता असा खुलासा ‘टाइम’च्या संपादकांना करावा लागला. हेतू नसेलही. पण काळे केले की भयंकर आणि गोरे केले की चांगले, ही समजूत हात चालविणाऱ्याच्या मनात आधीच बसलेली होती, आणि आपल्या तरुण मित्राच्या फिल्टरमध्येही तीच आहे.

अंधारखोलीतही छपाई करताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवीत असत. तेव्हा फेरफार मुळीच करू नयेत, असा सोवळेपणा मी सांगत नाही. मात्र जे होते ते दिसावे म्हणून उजेड वाढविणे वेगळे, आणि माणसाची कातडी बदलणे वेगळे.

मूळ प्रत त्याने सुदैवाने पुसलेली नव्हती. तीच आम्ही घेतली आणि पदराखालची सावली ‘कर्व्हज’ने किंचित उजळली. चार चेहरे स्पष्ट झाले. पाचव्या भगिनीचा चेहरा मोळीच्या सावलीत अंधाराच राहिला. तो आम्ही तसाच छापला.