मतदारयादीतले नाव आणि वस्तीतला नळ

मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडी-मानखुर्दच्या शेजारी देवनारला, 1927 पासून शहराचा कचरा येऊन पडतो. महापालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात हा विभाग सर्वांत खाली होता. दक्षिणेला कुलाबा आणि मलबार हिल हे सुखवस्तू भाग. महापालिका एकच, पण पाण्यासाठी कोणाला काय करावे लागते हे वस्तीगणिक बदलते, आणि मताकडे पाहण्याची रीतही त्याबरोबर बदलते.

2011 च्या जनगणनेत मुंबईचे सुमारे 41 टक्के रहिवासी झोपडपट्टीत होते. तिथे मतदारयादी हा घराचा कागद आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तेव्हा 1 जानेवारी 1995 च्या यादीत नाव असणे हा झोपडीच्या पात्रतेचा महत्त्वाचा पुरावा ठरला. पुढे ही तारीख 1 जानेवारी 2000 झाली. ती पुढे नेण्याचे आश्वासन प्रचारसभांतून वारंवार दिले गेले. ज्या कुटुंबाचे छप्पर यादीतल्या एका ओळीवर टिकून आहे, ते त्या ओळीला जपते. पाण्याचेही तसेच. 2000 नंतरच्या झोपड्यांना महापालिका अधिकृत नळ देत नव्हती. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी पाण्याचे धोरण आखण्याचा आदेश दिला. हक्काचा नळ नसलेल्या वस्तीत टँकर आणणारा कार्यकर्ता आणि अर्जावर सही करणारा नगरसेवक हीच सरकारची ओळख असते. अशा मतदाराला ‘मतपेढी’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. हातात असलेले एकमेव साधन तो विचारपूर्वक वापरत असतो.

मात्र गरिबीवरून मत ठरते असेही नाही. गिरणगावातल्या चाळींत कामगार संघटना मजबूत होत्या, तेव्हा त्या भागाने 1957 आणि 1967 मध्ये कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांना लोकसभेत पाठवले. 1970 च्या परळ पोटनिवडणुकीत त्याच गिरणगावातून शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. पगार, चाळी, नळ होते तेच राहिले होते. चाळीतली संघटना बदलली होती. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगार म्हणून एकत्र मत देण्याचा आधारही विरला.

सुखवस्तू भागात रस्ता, पाणी, दिवे मत न देताही मिळतात. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झाले, कुलाब्यात सुमारे 44 टक्के. या आकड्याचे खापर उच्चभ्रूंच्या आळसावर फोडणे सोपे आहे. पण मच्छीमारनगर आणि गीतानगर या वस्त्याही त्याच मतदारसंघात येतात, आणि सरासरीत त्यांचे मतदान दिसेनासे होते.

मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. ज्यांची ओळख थेट अधिकाऱ्यांपर्यंत आहे, त्यांना नगरसेवक नसल्याचे फारसे जाणवले नाही. ज्यांचा मार्गच नगरसेवकाच्या दारातून जातो, त्यांचे दार बंद झाले.

सरासरीमागचा मतदान केंद्रनिहाय निकाल निवडणूक आयोगाच्या नमुना 20 मध्ये मिळतो. नगररचना, प्रशासन किंवा पत्रकारितेत पाऊल टाकणाऱ्या पदवीधरांनी तो उघडावा, आणि प्रत्येक केंद्राच्या आकड्याशेजारी त्या वस्तीतल्या अधिकृत नळजोडण्यांची संख्या मांडून पाहावी.