जुना संधिवात आणि मुका मार

पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरवळपाशी सातारा जिल्ह्यात शिरतो आणि खंबाटकी घाट, सातारा, उंब्रज, कराड मागे टाकून कासेगाव-पेठच्या बाजूने सांगली जिल्ह्यातून कोल्हापूरकडे जातो; गळीत हंगाम सुरू झाला की याच दोन जिल्ह्यांतील लहानमोठ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची भर पडते. या रस्त्यांवरील अपघातांची दखल घेतली जाते ती मृत्यू आणि मोडलेली हाडे यांच्यापुरती. दुचाकीवरून पडलेल्या साठीच्या माणसाच्या एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसले नाही, की 'मुका मार आहे, चार दिवसांत उतरेल' असे सांगून त्याला घरी पाठवले जाते आणि त्याच्या गुडघ्यात आधीपासून असलेल्या संधिवाताचा विचार सहसा कोणी करत नाही.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चा नावाचे गुळगुळीत, लवचिक आवरण असते. या आवरणाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्याची इजा त्वचेसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. वय, वजन आणि वर्षानुवर्षांचे कष्ट यांमुळे ही कूर्चा पातळ होत जाते, तेव्हा त्या विकाराला झिजेचा संधिवात म्हणतात. अशा सांध्यावर जोराचा आघात झाला, म्हणजे पडताना गुडघा थेट डांबरावर आपटला किंवा मोटारीच्या पुढच्या पॅनेलवर आदळला, की आधीच विरलेल्या कूर्चेला भेगा पडतात, तिच्याखालच्या हाडाला मार बसून आतल्या आत सूज येते आणि कधी सांध्यात रक्त साठते. हे रक्त आणि त्यापाठोपाठ येणारा दाह कूर्चेच्या पेशींना आणखी इजा करतात. धडधाकट सांधाही अशा मारातून पुढे झिजू शकतो. झिजेचा त्रास असलेल्या रुग्णांपैकी सुमारे १२ टक्क्यांच्या विकाराचे मूळ जुन्या दुखापतीत असते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग जो सांधा अगोदरच झिजलेला आहे, त्याला तोच मार किती महागात पडत असेल, हे वेगळे सांगायला नको.

नुकसानीचा दुसरा मार्ग अधिक सावकाश असतो. दुखते म्हणून माणूस खाटेला खिळतो आणि मांडीच्या पुढच्या बाजूचा, गुडघा सरळ करणारा मोठा स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि तो पेलण्यात या स्नायूचा वाटा मोठा असतो. स्नायू खंगला की भार सांध्यावर पडतो, वेदना वाढते, चालणे आणखी कमी होते आणि वजन वाढते. शेतात भांगलणीला जाणारी पन्नाशीची बाई गुडघे दुखत असतानाही उकिडवी बसून, सरकत सरकत दिवसाकाठी कित्येक सऱ्या उरकत असते. तिने आपला संधिवात कामात जिरवलेला असतो. गाडीच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेली ती बाई गतिरोधकावर खाली पडते, हाड मोडत नाही, पण त्यानंतर तिला उकिडवे बसता येत नाही, बसलीच तर हाताचा टेकू घेतल्यावाचून उठता येत नाही आणि तिची रोजंदारी बंद होते. 'गुडघे तर तिचे आधीपासूनच दुखत होते' हे वाक्य अशा वेळी घरातही ऐकू येते आणि कचेरीतही, आणि ते अन्यायाचे आहे.

जुने काय आणि नवे काय, हे बऱ्याच अंशी ठरवता येते. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार एक्स-रेवरून झिजेची शून्य ते चार अशी प्रत लावली जाते. सांध्याच्या कडेला वाढलेली हाडाची टोके दिसली तर ती जुन्या झिजेची खूण असते, कारण ती तयार व्हायला दीर्घ काळ लागतो, एका दिवसात ती उगवत नाहीत. उलट हाडाच्या आतील ताजी सूज एमआरआय तपासणीत दिसते आणि बहुधा काही महिन्यांत ओसरते. म्हणजे ही तपासणी वर्षभराने केली तर पुरावा हाती लागण्याची शक्यता फारशी उरत नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि पुढे कराडही उपचाराचे मोठे केंद्र झाले. तरीही जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतील रुग्णाला तेथवर पुन्हा पुन्हा जाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी परवडत नाही, आणि नेमका व्यायामोपचार अर्ध्यावर सुटतो.

संधिवाताचे काही प्रकार मात्र थांबून पाहण्याजोगे नाहीत. ज्यांचा कणा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या विकाराने ताठ झाला आहे, त्यांचा मणका किरकोळ पडण्यानेही मोडू शकतो आणि साध्या एक्स-रेत तो निसटू शकतो. आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या विकारात, मानेच्या वरच्या मणक्यांची पकड सैल झालेली असू शकते. अशा रुग्णाची मान अपघातानंतर दुखू लागली, तर मालिश करणे किंवा मान मोडून घेणे जिवावर बेतू शकते. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर जंतुसंसर्गाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. युरिक ॲसिडचा वातही मारानंतर असाच उसळतो, पण हा वात आहे की संसर्ग, हा निर्णय घरी करण्याचा नव्हे.

नुकसानभरपाईच्या प्रश्नात हीच गुंतागुंत पुन्हा समोर येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की एखाद्या अवयवाचे टक्क्यांतील अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जखमी माणूस कोणते काम करत होता व आता त्याला काय करता येते, हे पाहूनच ही घट ठरवली पाहिजे. आधीच्या संधिवाताची भरपाई मागता येत नाही, पण अपघाताने तो जितका वाढला तितक्यावर हक्क सांगता येतो. म्हणून अपघाताआधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या लपवण्याऐवजी सांभाळून ठेवणे हिताचे असते, पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर गुडघ्याची सूज आणि वाकण्याची मर्यादा नोंदवून घेणे हिताचे असते, आणि ही बाई अपघाताच्या आदल्या आठवड्यापर्यंत भांगलणीला जात होती, एवढे एक वाक्य त्या कागदावर असेल तर तिची बाजू पुष्कळ भक्कम होते.