घरच्या संगणकावरून फॅक्स : एका कोऱ्या पानाची हकीकत

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला "संगणकावर दोन शब्द बोला" अशी आज्ञा केली. मी इंजिनियर नव्हे. मुंबई बंदरातील माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत मी एकतीस वर्षे कारकुनी केली. टेलेक्स पाहिला, फॅक्स पाहिला, पुढे घरी संगणकही आला. तेव्हा संगणकाच्या थोर भवितव्यावर बोलण्याचे काम जाणकारांवर सोपवून मी एका लहानशा गोष्टीविषयीच बोलणार आहे. घरच्या संगणकाला बाहेरून एक मोडेम जोडून आम्ही टेलिफोनच्या तारेवरून कागद कसे पाठवीत होतो, ती ही गोष्ट. त्या उद्योगाला कारण झाले एक कोरे पान. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९९७ सालची गोष्ट. माझ्या थोरल्या मुलाने वातानुकूलन यंत्रांचा डिप्लोमा केला होता आणि आखातात एका ठिकाणी त्याचे काम जवळजवळ ठरले होते. तिकडून निरोप आला की डिप्लोमाचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला उद्या दुपारपर्यंत फॅक्स करा. आपल्या मीरा रोडला त्या काळी स्टेशनपासून घरापर्यंत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ होते. रात्री दर उतरले की त्यांच्यापुढे रांगा लागत. आखातात कोणी नाही असे घर आमच्या इमारतीत शोधावेच लागले असते, म्हणून रांगेत निम्मे चेहरे ओळखीचे. आमचा नंबर आला. बूथवाल्याने दोन्ही कागद यंत्रात सरकवले, पावती फाडून दिली. पावतीवर छापलेले होते : पाने दोन, ओके. मी पावती खिशात ठेवून निश्चिंत मनाने घरी आलो. तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला की आम्हांला दोन कोरे कागद मिळाले. आम्ही वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला.

झाले होते इतकेच की कागद उलटे गेले होते. काही यंत्रांत मजकूर खाली करून कागद घालतात, काहींत वर करून. यंत्राने कागदाची पाठ वाचली आणि ती इमानेइतबारे पाठविली. बूथवाल्याला मी आजही दोष देत नाही. त्याच्यापुढे माणसांची रांग उभी होती. दोष द्यायचा तर माझ्या अडाणीपणाला द्यावा लागेल, कारण पावतीत खरे काय ते छापलेले होते आणि मला वाचता आले नाही. मुलगा त्यानंतर अकरा महिने घरी बसून होता.

पावतीत काय होते ते कळण्यासाठी फॅक्स म्हणजे काय हे थोडे पाहू. पुष्कळांना वाटते की ही टेलिफोननंतरची युक्ती. तसे नाही. तारेवरून चित्र पाठविण्याच्या यंत्राचे पेटंट अलेक्झांडर बेन नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली घेतले आणि टेलिफोनचे पेटंट आले १८७६ साली. १८६५ मध्ये तर पॅरिस आणि लियाँ या शहरांमध्ये कॅसेली नावाच्या इटालियन गृहस्थाच्या यंत्राने चित्रे व हस्ताक्षरे पाठविण्याची सेवा चालू झाली होती. आपण ज्याला फॅक्स म्हणून ओळखतो, तो ज्या प्रमाणावर चालतो त्याला तिसरा गट म्हणतात आणि ते १९८० साली ठरले. त्यात यंत्र कागदाची एकेक ओळ घेते, प्रत्येक ओळीचे १७२८ ठिपके करते आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच पाहते. उंचीच्या दर मिलिमीटरला सुमारे चार ओळी. विद्यार्थी मित्रांनो, गुणाकार करून पाहा : ए-फोर आकाराच्या पानाचे जवळजवळ वीस लाख ठिपके होतात. सेकंदाला ९६०० ठिपके या वेगाने ते पाठवायचे तर साडेतीन मिनिटे लागतील. पण यंत्र हुशारी करते. "पांढरा, पांढरा, पांढरा" असे शेकडो वेळा सांगण्याऐवजी "पुढचे इतके पांढरे" असे एकदाच सांगते. म्हणून लिहिलेले पान मिनिटभरात जाते.

आता विचार करा, संपूर्ण कोरे पान किती वेळात जाईल? काही सेकंदांत! आमच्या पावतीवर लागलेला वेळही छापलेला होता. दोन भरगच्च पानांना जो वेळ लागायला हवा, त्याच्या निम्म्याहूनही कमी. ते तेव्हाच वाचता आले असते तर मी बूथवाल्याला सांगून कागद पालटून पुन्हा पाठवले असते. आणि ते "ओके"? त्याचा अर्थ एवढाच की पलीकडच्या यंत्राला ठिपके नीट ऐकू आले. कोरे पान तर सर्वांत नीट ऐकू येते. पलीकडे कोणी माणसाने ते वाचले की नाही, याविषयी यंत्र काहीच बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी मी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना संगणक आणला. विंडोज ९५ चालेल इतपत त्याची ताकद होती. त्याबरोबर एक बाहेरून जोडायचा मोडेम घेतला. संगणकाच्या पोटात बसविण्याचे मोडेम स्वस्त मिळत, पण दुकानदाराने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : "चाचा, बाहेरचा घ्या. त्याला दिवे असतात. काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. आणि अडला तर तेवढाच बंद करून चालू करता येतो." जाडजूड वहीएवढा डबा, पुढे लाल दिव्यांची रांग. मागून एक जाड केबल संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या तोंडात जाई. एक तार भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतून येई आणि घरचा फोन मोडेमलाच जोडावा लागे. डब्यावर मोठ्या अक्षरांत छप्पन्न हजारांचा वेग छापलेला होता. फॅक्स मात्र त्यावर १४,४०० च्या पुढे जात नसे. जाहिरात आणि व्यवहार यांतला फरक मुलांनी तिथेच पाहिला.

हे यंत्र आमच्या घरी चालविले ते माझ्या मुलीने. ती तेव्हा बारावीत होती. रात्री अकराला तिला बूथवर पाठविण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आता बूथच घरात आला होता. पहिले आठ दिवस एकही कागद गेला नाही. पडद्यावर सारखे येई, "डायल टोन नाही." रिसीव्हर उचलला की टोन स्पष्ट ऐकू येत असे! शेवटी तिने इंग्रजी पुस्तिका उघडून, शब्दकोश शेजारी ठेवून शोधून काढले की मोडेम परदेशी टोनच्या अपेक्षेत बसलेला आहे आणि आपला टोन त्याला ओळखू येत नाही. "एक्स ३" अशी आज्ञा दिली की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. मग कळले की आमच्या लाइनीवर टोनने नव्हे, जुन्या तबकडीसारखा खटखट करून नंबर फिरवावा लागतो. त्यासाठी "एटीडीटी" ऐवजी "एटीडीपी" लिहायचे. ही दोन अक्षरे सापडली त्या रात्री घरात ईद झाली म्हणाना. तीक्ष्ण शिट्टी, मग खरखर, आणि दिवे लुकलुकू लागले. पहिला फॅक्स माझ्याच कचेरीत गेला. सकाळी मी जाऊन पाहतो तो यंत्राच्या तोंडात कागद, आणि अक्षरे सरळ! संगणकातून कागद उलटा जाऊच शकत नाही. कारण कागदच नसतो. टाइप केलेल्या पत्राचेच ठिपके होतात.

अडचणी संपल्या असे नाही. अम्मी मध्येच फोन उचलून "हॅलो" म्हणत आणि अर्धे पान तिथेच मरे. पावसाळ्यात लाइन कुरकुरू लागली की मोडेम वेग उतरवत नेई : १४,४००, मग ९६००, मग ४८००. दम लागलेला माणूस जिना चढतो तसा.

मुख्य अडचण मात्र प्रमाणपत्रांची होती. पत्र संगणकावर टाइप करता येते. सहीशिक्क्याचा दाखला त्यात घालायचा कसा? स्कॅनर आमच्या ऐपतीबाहेरचा होता. तोडगा मुलीनेच काढला. "अब्बा, तुम्ही कचेरीतून हे कागद आपल्याच घरी फॅक्स करा." साहेबांची परवानगी काढून मी तसे केले. घरच्या संगणकाने फॅक्स घेतला आणि प्रमाणपत्राचे चित्र त्याच्या पोटात कायमचे राहिले. पुढे ते कधीही, कोठेही पाठविता आले. कचेरीचे फॅक्सयंत्र आमचा स्कॅनर झाले!

इथे एक धडा मिळाला तो मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मुलांच्या कागदांशी त्याचा संबंध आहे. पहिल्या खेपेस मी कागद साध्या दर्जात पाठविले. माझ्या भाचीचा उर्दू शाळेचा दाखला त्यात होता. चित्र उघडून पाहतो तर नुक्ते नाहीसे! बे, ते आणि पे सारखेच दिसू लागले. मराठी दाखल्यावरचे अनुस्वार गेले आणि जन्मतारखेतला १ हा ९ आहे की १ आहे, यावर घरात वाद झाला. नंतर "फाइन" बटण दाबून पाठविले. त्यात ओळी दुप्पट होतात, वेळ जास्त लागतो, पण नुक्ता वाचतो. इंग्रजी लिपीला साधा दर्जा चालून जातो. आपल्या लिप्यांचा जीव ठिपक्यात असतो.

आणखी एक गोष्ट घड्याळाची. फॅक्सच्या डोक्यावर तारीख-वेळ छापून येते ती पाठविणाऱ्याच्या यंत्रातली असते. आमच्या जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली आणि आमचे फॅक्स १ जानेवारी १९८० या तारखेने जाऊ लागले. आम्ही हसलो. पण तारीख हसण्यावारी नेण्याची वस्तू नाही. १९९९ साली सुप्रीम कोर्टापुढे सिल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स असा खटला आला. न वटलेल्या चेकबद्दलची नोटीस आधी फॅक्सने आणि मग रजिस्टर पोस्टाने गेली होती. पोस्टाची तारीख धरली तर फिर्याद मुदतीत होती, फॅक्सची धरली तर मुदतीबाहेर. कोर्टाने फॅक्सची नोटीसही लेखी नोटीसच मानली, मुदत तिच्यापासून मोजली आणि फिर्यादीचे काम फसले. एका कागदाची दोन टपाले, आणि निकाल लागला तो पहिल्यावर. ही बातमी वाचल्यावर मी त्याच आठवड्यात नवी बॅटरी बसविली.

हळूहळू इमारतीत बातमी पसरली. कोणी पासपोर्टच्या नकला घेऊन येई, कोणी निकाहनामा, कोणी दवाखान्याचे कागद. आम्ही फोनबिलापुरते पैसे घेत असू. एके दिवशी मुलगी गंभीर होऊन म्हणाली, "अब्बा, या संगणकात अर्ध्या इमारतीची दुखणी साठली आहेत." खरेच होते. ज्याचा कागद त्याच्यासमोर तो पाठवायचा, पोहोचपावती त्याच्या हाती द्यायची आणि चित्र त्याच्या देखत पुसायचे, असा नियम तिने घातला. एका शेजाऱ्याला राग आला. त्याला वाटले, नकला ठेवल्या तर पुढच्या वेळी सोयीचे होईल. तिने ऐकले नाही. माझ्या मते तिचेच बरोबर होते.

आता तो काळ गेला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ पासून नवी फॅक्सयंत्रे घेणे बंद केले. घरोघरचे फोन काचेच्या तंतूवरून येऊ लागले, त्यांत आवाजाचे तुकडे करून पाठवितात, आणि मोडेमच्या शिट्टीला ते मानवत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज तुम्ही पोर्टलवर भरता. पण मागच्याच महिन्यात एक पालक माझ्याकडे आले. अर्ज दुकानातून भरला होता, "सबमिट झाला" अशी पावती होती, आणि अर्ज नामंजूर. आम्ही चढविलेली फाइल उघडून पाहिली. उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागी त्या दाखल्याची मागची बाजू होती. कोरी.

मी त्यांना विचारले, दुकानात फाइल उघडून पाहिली होती का? ते म्हणाले, तिथे रांग होती.

मुदत संपायला चार दिवस होते. त्यांच्या मुलाने स्वतः घरी बसून अर्ज दुरुस्त केला, प्रत्येक फाइल उघडून पाहिली आणि पुन्हा पाठविला. निकाल अजून यायचा आहे.

तो मोडेम मी आज बरोबर आणला आहे. अ‍ॅडॅप्टर चालतो, दिवे लागतात. चहाच्या वेळी तो बाहेरच्या टेबलावर ठेवतो. ज्या मुला-मुलींना पाहायचा असेल त्यांनी यावे, आणि उघडून पाहायचा असेल तर स्क्रू-ड्रायव्हरही आणला आहे.