अजिंठ्याचा पट
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



रविवारच्या बालवर्गातर्फे आम्ही दोन शब्द बोलावेत, असा समितीचा आग्रह होता. विषय मुलांनी केलेल्या एका खेळाचा आहे. पण त्या खेळावरून विहारात जो वाद झाला, तो घरोघरी पोहोचावा असं आम्हांला वाटतं.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलो. धुळ्याहून मामाकडे आलेली मुलंही सोबत होती. जळगावहून लेणी साठेक किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडायची आणि तिथल्या बसनं आत जायचं. वाघूर नदीनं तिथं घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलं आहे आणि त्या कड्यात अपुरी धरून तीस लेणी आहेत. हीच वाघूर पुढे आपल्याकडे येते, तिच्या धरणाचं पाणी जळगावच्या नळांना येतं. हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण लेण्यांचंच पाणी पितो की भो!"

परत आल्यावर मुलांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट काढला. नालेच्या आकारात तीस घरं, नदीपासून सुरुवात, सोंगट्या म्हणून रंगवलेले चिंचोके. भिंतीला हात लावला तर दोन घरं मागे. फ्लॅश मारून फोटो काढला तर तीन घरं मागे. दहाव्या घराला सर्वांत मोठी शिक्षा, थेट नदीवर परत. कारण १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी इथं आला आणि दोन हजार वर्षांच्या त्या जुन्या लेण्यात त्यानं आपलं नाव खरडून ठेवलं!

सगळं छान होतं. मग मुलांनी फासा आणला, आणि आमच्या एक आजी उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबांनो, विहारात फासा नको. या फाशापायी आमच्या घरातली भांडी गेली, माझं डोरलं गेलं." सगळे गप्प झाले.

आमच्यातलेच काही म्हणाले, आजी, हा जुगार नाही, पोरांचा खेळ आहे. सापशिडीचा जुना पटसुद्धा आपल्याच देशातला, त्यात सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप. तिबेटात तर बौद्ध पंडितानं असा पट केला असं सांगतात. तेही खोटं नव्हतं. पण आजींचंही खोटं नव्हतं. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर, हरला तर शोक, डोळ्यांदेखत धनहानी, सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत मान नाही आणि सोयरिकीला कोणी तयार नाही. आजींनी सुत्त वाचलेलं नव्हतं, सोसलेलं होतं.

तेव्हा आम्हांला दुसऱ्या लेण्यातलं चित्र आठवलं. विधुरपंडित जातकाचं. राजा पूर्णक यक्षाबरोबर फासे खेळतो, हरतो आणि यक्ष त्याच्या शहाण्या अमात्याला, विधुराला, मागून घेतो. ही गोष्ट सांगितली तेव्हा दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "पण विधुरला कोणी विचारलं होतं का?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नानं वाद मिटला. डाव एकाचा आणि पणाला लागतो दुसराच! आजींना तरी कोणी विचारलं होतं?

मुलांनी फासा काढून टाकला. त्याऐवजी प्रश्नांच्या चिठ्ठ्या केल्या, बरोबर उत्तराला दोन घरं पुढे. पण तिथंही अडलं. मोठी मुलं भराभर पुढे गेली आणि ज्यांना अजून नीट वाचता येत नाही ती नदीवरच बसून राहिली. म्हणजे फासा गेला, पण मागे राहणारे मागेच! मग मुलांनीच नियम बदलला. उत्तर येत नसेल तर शेजाऱ्याला विचारायचं, त्यानं समजावून सांगायचं आणि दोघांनी एकेक घर पुढे जायचं. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प आहे. सगळे तिथं पोहोचले, की खेळ संपतो. एकटा कोणी जिंकत नाही.

शेवटची चार घरं मुलांनी कोरी ठेवली आहेत. धुळ्याची मुलं म्हणतात, त्यात आम्ही लळिंगचा लांडोर बंगला काढणार. १९३७ साली बाबासाहेब तिथं थांबले होते. त्यांच्या आठवणीत ३१ जुलैला तिथं भीमस्मृती यात्रा भरते.

हा पट आज बाहेरच्या टेबलावर मांडला आहे. मोठ्या माणसांनीही खेळून पाहावा. पहिला डाव आमच्या आजी खेळणार आहेत. त्यांना अक्षरं येत नाहीत, पण शेजारी बसून समजावून सांगायला त्यांची नात आहे.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!